कॅनची स्पिरिट चूल: ओट्यावर पाणी उकळत आलं, उघड्यावर नाही

पायवाट

नमस्कार मंडळी. एकट्यापुरती, फार तर दोघांपुरती, सॅकच्या बाजूच्या खिशात मावेल अशी चूल घरातल्याच सामानातून करायची आहे. गॅसचा डबा आणि त्याचा बर्नर वाहायचा नाही, आणि यासाठी नवीन काही विकत घ्यायचं नाही असं ठरवलंय.

आत्तापर्यंत केलंय ते असं: कोल्ड्रिंकच्या कॅनचा बुडाकडचा चार सेंटिमीटरचा भाग कापून त्याची वाटी केली. त्यात वीसेक मिलि डिनेचर्ड स्पिरिट (पिता येऊ नये म्हणून भेसळ केलेलं अल्कोहोल), बाजूला तीन दगड, दगडांवर अर्धा लिटर पाण्याचं पातेलं. स्वयंपाकघरात खिडकी उघडी ठेवून ओट्यावर करून पाहिलं तर पाणी उकळायच्या अगदी बेतात आलं. तेच उघड्यावर केलं तर स्पिरिट संपलं आणि पाणी जेमतेम आंघोळीइतकं गरम. स्पिरिट दुप्पट घातलं तरी फार फरक पडला नाही.

आता वाचलंय की कॅनला बाजूने भोकं पाडली की ज्योती जोरात येतात. तर भोकं किती, कुठे आणि केवढी? स्पिरिट नसेल तेव्हा हँड सॅनिटायझर चालेल का? आणि काटक्यांवर चालणारी अशीच छोटी चूल कोणी केली आहे का? बारा वर्षांची मुलगी सोबत असते, त्यामुळे सुरक्षिततेचं काही सांगण्यासारखं असेल तर तेही जरूर सांगा.

जुना डबा

पायवाट, भोकांचा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. तुमची वाटी ठीक आहे. बिघाड वाटीच्या बाहेर आहे. पातेलं फार उंचावर आहे, चहूबाजूंनी वारा आहे, आणि झाकणाचा तुम्ही उल्लेख केला नाही म्हणजे बहुधा तेही नसावं. लोक बर्नरलाच चूल समजतात आणि सगळी मेहनत त्याच्यावर करतात. माझ्या मते बर्नर, भांड्याची उंची, आडोसा आणि झाकण या चौघांची मिळून चूल होते, आणि त्यात बर्नरचा वाटा सगळ्यात कमी.

हिशेब करून बघा. अर्धा लिटर पाणी 20 अंशांवरून 100 अंशांवर न्यायला साधारण 167 किलोज्यूल उष्णता लागते. चांगल्या स्पिरिटच्या एका मिलितून सुमारे 20 किलोज्यूल मिळतात. म्हणजे सगळीच्या सगळी उष्णता पाण्यात गेली तर आठ-साडेआठ मिलि पुरेल! तुम्ही वीस घातलं, म्हणजे 400 किलोज्यूल. निम्म्याहून जास्त वाया गेलं तरी पाणी उकळायला हवं होतं. ओट्यावर जवळपास तसंच झालं. उघड्यावर मात्र वाऱ्याने ज्योत भांड्याखालून ओढून नेली आणि ती भलत्याच दिशेला हवा तापवत बसली. अशा वेळी चाळीस मिलि घातलं तरी ते तिकडेच जातं.

स्वीडनच्या त्रांगिया कंपनीचा स्पिरिटचा संच 1951 पासून लोक वापरत आलेत. त्यातला बर्नर म्हणजे एक छोटी पितळी वाटी. बाकी सगळा संच बघाल तर तो आडोसाच आहे: खाली हवा आत घेणारी भोकं आणि वर भांडं अर्धंअधिक आत उतरेल अशी पत्र्याची भिंत. तेवढं लक्षात ठेवून घरच्या सामानाकडे बघा.

आडोसा असा करा. बेकिंगसाठी ॲल्युमिनियमचे वापरून टाकायचे ट्रे असतात, त्यांचा पत्रा साध्या फॉइलपेक्षा जाड असतो. त्याची लांब पट्टी कापा. ट्रे नसेल तर फॉइलच्या चार-पाच घड्या एकावर एक घालून लाटण्याने दाबून घ्या. पट्टीची उंची अशी ठेवा की जमिनीवर उभी केली की भांड्याच्या साधारण दोन तृतीयांश उंचीपर्यंत येईल. लांबी अशी की भांड्याभोवती गुंडाळल्यावर सगळीकडून बोटभर, एक ते दीड सेंटिमीटर मोकळी जागा राहील. ही फट महत्त्वाची. गरम हवा त्या फटीतून भांड्याच्या अंगाला चाटत वर जाते आणि बुडाबरोबर बाजूही तापतात. खालच्या कडेला अर्ध्या भागात पंचने भोकं पाडा आणि तो भाग वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा. दोन्ही टोकं पेपरक्लिपने अडकवली की झालं. सॅकमध्ये जाताना ती पट्टी भांड्याच्या आत गोल गुंडाळून बसते.

एक इशारा आत्ताच देतो, कारण हा आडोसा बघून कोणी ना कोणी तो दुसऱ्या चुलीला लावतो. बर्नर ज्या गॅसच्या डब्यावरच स्क्रूने बसतो, त्या चुलीभोवती असा बंद आडोसा कधीही लावू नका. उष्णता कोंडून डबा तापतो, आतला दाब वाढतो आणि डबा फुटू शकतो. स्पिरिटचं उघडं भांडं असतं म्हणून तिथे हा आडोसा चालतो.

आता उंची. तुमच्या वाटीसारख्या उघड्या बर्नरच्या काठापासून भांड्याच्या बुडापर्यंत अडीच ते तीन सेंटिमीटर ठेवा. दगडांवर हे नेमकं कधीच जमत नाही, शिवाय दगड डुगडुगतात. जाड तारेची जाळी वाकवून केलेला गोल, किंवा दोन्ही झाकणं काढलेला, वर-खाली भोकं पाडलेला पत्र्याचा डबा चांगला. भांडं त्याहून खाली आणलं तर ज्योतीला हवा पुरत नाही आणि डोळ्यांना झोंबणारा उग्र वास येतो. तो वास आला की भांडं थोडं वर घ्यायचं.

भांडं पसरट घ्या. अरुंद, उभ्या मगाच्या बुडाबाहेर ज्योती निसटतात आणि कडांवरून निघून जातात. आणि झाकण हवंच. फॉइलचं केलं तरी चालेल.

जुना डबा

भोकांचंही सांगतो, कारण मला स्वतःला सगळ्यात आवडते ती चूल भोकांचीच आहे. तिला स्टँड लागत नाही, भांडं थेट तिच्यावरच बसतं.

मांजराच्या खाण्याचे लहान उथळ डबे असतात ना, साडेसहा सेंटिमीटर व्यासाचे आणि साडेतीन सेंटिमीटर उंच, तसला एक ॲल्युमिनियमचा डबा घ्या. आधी लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर तो लोखंडी पत्रा, त्याने कागदाचा पंच बोथट होईल. चिकटला नाही तर बिनधास्त घ्या. धुऊन, वाळवून, काठावर कुठे धार राहिली असेल तर पॉलिश पेपर फिरवा.

आता एकच भोक पाडणारा हाती पंच उलटा धरा, म्हणजे भोक नेमकं कुठे पडतंय ते दिसतं. काठाच्या जाड वळीच्या लगेच खाली पहिली रांग पाडायची. सोळा भोकं बसतात. समोरासमोर दोन, मग त्यांच्या मध्ये दोन, मग प्रत्येक फटीच्या मध्ये, असं निम्मं-निम्मं करत गेलं की मोजपट्टी लागत नाही. दुसरी रांग तिच्या खाली, वरच्या दोन भोकांच्या मधोमध येईल अशी. भोकं एकमेकांत मिसळू देऊ नका, मधला पत्रा शिल्लक राहायला हवा, नाहीतर भरल्या भांड्याच्या वजनाने काठ दबतो. पंचाचा जबडा जितका खोल जातो तितकीच दुसरी रांग खाली जाईल, आणि तेवढी पुरते. तिच्याखाली जी जागा उरते ती स्पिरिटची. 25 मिलि घातलं तर तळाशी पाऊण सेंटिमीटर उभं राहतं, भोकांपासून बरंच खाली.

पेटवल्यावर लगेच भांडं ठेवायचं नाही, इथे थोडा धीर हवा. सुरुवातीला ज्योत मधोमध, आळशी, वर-खाली होत असते. अर्ध्या मिनिटाने, थंडीत जरा उशिराने, डबा तापतो आणि स्पिरिटला कडेने बारीक बुडबुडे यायला लागतात. स्पिरिट 78 अंशांना उकळतं, त्यामुळे हे लवकर होतं. ज्योत उंच आणि भरदार झाली की भांडं सरळ डब्याच्या काठावर ठेवायचं. वरचं तोंड बंद झालं की आतली वाफ दुसरीकडे कुठे जाणार? ती भोकांतून बाहेर येते आणि प्रत्येक भोकापाशी एक निळी ज्योत धरते. कान देऊन ऐकलंत तर बारीक फुरफुर ऐकू येते. भांडं ठेवल्यावर सगळं विझलं तर समजा की डबा अजून तापायचा होता. पूर्ण विझलंय याची खात्री करून, डबा गार होऊ देऊन पुन्हा पेटवा.

कोल्ड्रिंकचा कॅन यापेक्षा पातळ असतो, कापायला नाजूक. तो कापायचाच असेल तर कात्री लावू नका, काठ करवतीसारखा होतो. हवी तेवढ्या उंचीची पुस्तकांची थप्पी करा, वरच्या पुस्तकात ब्लेड असं दाबून ठेवा की नुसता कोपरा बाहेर राहील, आणि कॅन त्याला हलकेच टेकवून गोल फिरवत राहा. कापायचा प्रयत्न करू नका, नुसती रेघ खोल होऊ द्या. काही फेऱ्यांनंतर रेघेवर अंगठ्याने दाबलं की पत्रा स्वच्छ तुटतो.

वळणदार

छान माहिती. सॅनिटायझरबद्दल माझा अनुभव: पेटतो, पण रडतखडत. घरात असलेलं 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोलही वापरून बघितलं, भांडं काळंकुट्ट झालं. शेवटी केरोसीन घालून बघावं का असा विचार आहे, त्यात उष्णता बरीच जास्त असते ना?

जुना डबा

वळणदार, केरोसीन या वाटीत घालू नका, आणि पेट्रोल तर विचारातही आणू नका. केरोसीनमध्ये उष्णता जास्त असते हे खरं आहे, वजनाला वजन धरलं तर स्पिरिटच्या दीडपटीहून अधिक. पण ते वातीवर तरी जळतं किंवा दाबाखाली वाफ करून तरी. उघड्या वाटीत ते नीट जळत नाही, काजळी आणि धूर होतो. पेट्रोलची वाफ तर गोठणबिंदूच्या कितीतरी खालीही पेट घेते, जमिनीलगत पसरते आणि काडी ओढणाऱ्याच्या हातापर्यंत पोहोचते. यावर माझं मत बदलणार नाही.

सॅनिटायझरमध्ये आणि 70 टक्क्यांच्या द्रवात राहिलेला भाग मुख्यतः पाणीच असतो. अल्कोहोल आधी जळतं, तळाशी पाणी साचत जातं, ज्योत मंदावते आणि शेवटी विझते. अडीअडचणीला पेटवण म्हणून ठीक, रोजच्या चुलीला नको. आयसोप्रोपिलच्या रेणूत कार्बन जास्त, म्हणून ज्योत पिवळी आणि काजळी धरणारी. 90 टक्क्यांहून वरचं इथेनॉल असलेलं स्पिरिट स्वच्छ जळतं. मिथेनॉलही स्वच्छ जळतं, पण ते विषारी आहे, वाफ श्वासातून आणि द्रव कातडीतूनही शरीरात जातो. डिनेचर्ड स्पिरिटमध्येही अनेकदा थोडं मिथेनॉल असतं, म्हणून ते हाताळताना मोकळी हवा हवी, आणि ते पाण्याच्या बाटलीसारख्या दिसणाऱ्या बाटलीत कधीच भरू नये. बाटली वेगळ्या आकाराची, वर मोठ्या अक्षरात नाव, आणि सॅकमध्ये खाण्यापिण्यापासून दूर.

पायवाट, मुलीबद्दल विचारलंत ते फार बरं केलंत. स्पिरिटच्या चुलीत धोका एकाच गोष्टीत साठलेला आहे: दिवसाउजेडी तिची ज्योत दिसत नाही. चूल विझली असं वाटतं, कोणीतरी बाटली तिरकी करून वरून आणखी ओततो, आणि ज्योत धारेवरून थेट बाटलीत शिरते. बाटलीतली वाफ पेटते आणि जळतं स्पिरिट समोर बसलेल्याच्या अंगावर फेकलं जातं. समोर बसलेलं लहान मूलही असू शकतं. म्हणून पेटल्या किंवा गरम चुलीत स्पिरिट ओतायचं नाही, कोणत्याही कारणाने नाही. विझली असं वाटलं तरी एक वाळकी गवताची काडी तिच्या तोंडाशी धरून बघा. पेटली नाही तर थांबा, डबा उघड्या बोटांनी उचलता येईल इतका गार होऊ द्या, बाटली दूर नेऊन बूच घट्ट लावा, आणि मगच नव्याने मोजून भरलेलं माप ओता. मी मोठी बाटली चुलीजवळ आणतच नाही. एका वेळचं स्पिरिट औषधाच्या मापी टोपणात किंवा छोट्या बाटलीत आधीच काढून घेतो, त्यामुळे वरून ओतायला जवळ काही उरतच नाही.

मुलीला एक ठरलेलं काम द्या. विझवायचा डबा तिच्या हाती असू दे. चुलीहून मोठा, तोंड उघडा असा पत्र्याचा डबा चुलीवर उपडा घातला की ज्योत गुदमरून विझते. आणि चूल गवतावर, प्लास्टिकच्या चटईवर किंवा तिरक्या दगडावर नको. सपाट मातीवर, आजूबाजूचा पाचोळा हातभर झाडून.

तंबूत तर नाहीच, तंबूच्या दारातसुद्धा नाही. गार भांड्याच्या बुडाला ज्योत टेकली की ज्वलन अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोप येतेय असं वाटतं आणि माणूस उठत नाही.

रानमेवा

काटक्यांच्या चुलीचं मी सांगते. मी दोन डब्यांची केली आहे आणि स्पिरिट सोडून तीच वापरते. खालून पेटवण्याऐवजी वरून पेटवायची ही त्यातली मुख्य गंमत. जुना डबा, मोजमापांचं तुम्हीच लिहा, तुमचं लिहिणं नीट कळतं.

जुना डबा

रानमेवा, वरून पेटवण्याचं तुम्ही सांगितलंत तेच त्यातलं मर्म आहे.

लहान डबा मोठ्या डब्यात बसवायचा, दोघांमध्ये बोटभर पोकळी. मोठ्या डब्याला तळाजवळ बाजूने मोठी भोकं. लहान डब्याच्या बुडाला खिळ्याने पुष्कळ भोकं, आणि वरच्या काठाखाली दोन सेंटिमीटरवर लहान भोकांची एक गोल रांग. मोठ्याच्या झाकणाला लहान डबा घट्ट अडकेल एवढं गोल भोक कापलं की लहान डबा आपल्या काठावर लटकतो आणि पोकळी वरून बंद होते. खिळ्याने भोकं पाडताना डबा चेपू नये म्हणून आत लाकडाचा ओंडका सारा. भांड्याला टेकू म्हणून वर तीन ठिकाणी खाचा असलेली पत्र्याची पट्टी हवी, नाहीतर भांडं तोंड बंद करतं आणि धूर कोंडतो.

बोटाहून बारीक काटक्या उभ्या भरायच्या, वरच्या रांगेच्या भोकांखालपर्यंतच. त्यांच्यावर बारीक वाळकी पेटवण ठेवून वरून काडी लावायची. आग हळूहळू खाली सरकते. खालच्या तापलेल्या लाकडातून धूर निघतो, आणि हा धूर म्हणजे न जळलेला ज्वलनशील वायूच असतो. पोकळीतून तापत वर आलेली हवा वरच्या भोकांतून आत शिरते आणि त्या धुराला तिथेच पेटवते. नीट लागली की दर भोकापाशी आतल्या बाजूला ज्योतीची एक जीभ दिसते आणि धूर जवळजवळ नाहीसा होतो. थॉमस रीड या अमेरिकन संशोधकांनी 1985च्या सुमारास हे तत्त्व छोट्या चुलीत आणलं.

काटकी वाळलेली हवी. मोडताना कटकन आवाज यायला हवा. नुसती वाकली तर आत ओल आहे, आणि निम्मी आग ती ओल उडवण्यातच जाईल.

डबा निवडताना जस्ताचा मुलामा असलेला घेऊ नका. जस्त 420 अंशांच्या आसपास वितळतं, जास्त तापलं की त्याचा धूर होतो, आणि तो श्वासात गेला तर अंगात कणकण, ताप येतो. खाण्याच्या डब्यांना आतून कथलाचा किंवा लाखेसारखा मुलामा असतो. पहिली आग त्यासाठीच, रिकामी, भांडं न ठेवता, वारा पाठीवर घेऊन उभं राहून करा. मुलामा जळून जातो, मग चूल वापरायला घ्या.

भांड्याच्या बाहेरून, बुडाला आणि बाजूला, ओला साबण चोळून ठेवा. काजळी साबणावर बसते आणि धुताना सगळी एकदम निघते. आणि जिथे आग पेटवायला बंदी असेल किंवा सगळं वाळून कोरडंठाक झालेलं असेल, तिथे काटक्यांची चूल काढूच नका. ठिणग्या उडतात, त्यांच्यावर आपला ताबा नसतो. स्पिरिटला ठिणगी नसते, पण बंदी असेल तर तीही नको.

पायवाट

मनापासून आभार. आडोसा, झाकण आणि तीन सेंटिमीटर उंची, एवढंच बदललं. बर्नर तोच, वाटी तीच, 20 मिलि. अंगणात वारा होता तरी पाणी खळखळा उकळलं, आणि वाटीत थोडं स्पिरिट शिल्लक होतं ते नंतर जळून गेलं. मुलगी विझवायचा डबा घेऊन शेजारी उभी होती, वापरायची वेळ आली नाही म्हणून जरा नाराज.

एक शेवटचं विचारतो. उंचावर, थंडीत जायचं आहे. पहाटे स्पिरिट पेटतच नाही असं बऱ्याच जणांनी सांगितलं. खरं आहे का?

जुना डबा

फार आनंद झाला.

हो, खरं आहे. द्रव स्वतः पेटत नाही, त्याची वाफ पेटते, आणि इथेनॉलच्या स्पिरिटला पेटण्याजोगी वाफ द्यायला साधारण 13 ते 17 अंश तापमान लागतं. पाणी किती आहे त्यावर ते थोडं वर-खाली होतं. पहाटे चार अंशांवर काडी नुसती टेकवली तर ती वाटीतच विझते. त्या वेळचं मोजून काढलेलं स्पिरिट लहान बाटलीत, बूच घट्ट लावून, पेटवण्याआधी पंधरा-वीस मिनिटं अंगावरच्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. चूल गार दगडावर ठेवू नका, खाली बुचाच्या लाकडाचा किंवा सुक्या फळीचा तुकडा ठेवून त्यावर फॉइल पसरा. एवढ्यानेही अडलं तर पसरट झाकणात चार-पाच थेंब घेऊन चूल त्यात ठेवा आणि काडी एका जागी काही सेकंद धरून आधी ते थेंब पेटवा. खालून ऊब मिळाली की वरचं आपोआप धरतं. हे थेंब मोजूनच घ्या, झाकण भरू नका.

उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, दर 300 मीटरला अंदाजे एक अंश कमी. 3000 मीटरवर ते 90 अंशांच्या आसपास उकळायला लागेल. पाणी निर्जंतुक करायचं असेल तर उंचावर तीन मिनिटं उकळत ठेवतात. तेवढी चूल चालू राहायला हवी, शिवाय पाणी बर्फाजवळचं असेल तर सुरुवातच चार-पाच अंशांवरून होते, त्यामुळे माप 20 ऐवजी 30 मिलि धरून निघा. 30 मिलि उघड्या वाटीत सहज मावतं. भोकांचा डबा वापरणार असाल तर मात्र घरीच मोजून भरून बघा, पातळी खालच्या रांगेच्या बरीच खाली राहते ना ते.